दहा दिवसांची आई

वसई-विरारहून मुंबईकडे येणारी लोकल भाईंदरच्या अलीकडे जी रुंद खाडी ओलांडते, तिचे पाणी कल्याणहून आलेले असते. उल्हास नदी कल्याणच्या जुन्या बंदरावरून खाली उतरते, ठाण्यापाशी पश्चिमेला वळते आणि घोडबंदरच्या किल्ल्याजवळून, मीरा-भाईंदरच्या उत्तर कडेने समुद्राला मिळते. एकेकाळी याच जलमार्गाने कल्याणचा माल समुद्रात जाई. डॉ. आनंदीबाई जोशी त्याच कल्याणमधल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली मराठी स्त्री म्हणून शाळेतल्या प्रत्येक मुलाला त्यांचे नाव ठाऊक असते. कादंबरी, नाटक, दूरदर्शन मालिका आणि २०१९ मधला चित्रपट यांनी त्यांची कहाणी घरोघरी पोहोचवली. या सगळ्यांत त्यांच्या मातृत्वाला मात्र थोडीच जागा मिळते. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, एवढे सांगून कथा अमेरिकेच्या बोटीवर चढते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत गर्भवतीचे मन आणि तिच्या पोटातले मूल यांच्यातल्या नात्याविषयी वैद्यकाला जे कळले आहे, ते पाहता या दहा दिवसांपाशी आणि त्याआधीच्या काही वर्षांपाशी जरा थांबायला हवे.

३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी. घराणे एकेकाळचे सधन, वतनदार. पण यमुनेच्या जन्मापर्यंत वैभव ओसरले होते आणि जुन्या वाड्यात मोठा कुटुंबकबिला व लहानशी मिळकत उरली होती. मुलगी अंगाने थोराड आणि स्वभावाने हूड होती. आई कडक, किंबहुना कठोर होती. पुढे परक्या देशातून लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी बालपणाच्या ज्या आठवणी नोंदवल्या, त्यांत आईच्या मायेचा शब्द आठवत नसल्याची खंत आहे. आणि शिक्षेसाठी दगड, काठ्या व जळते निखारेही वापरले जात, असा उल्लेख आहे. चरित्रकारांनी हा भाग बहुधा हलक्या हाताने लिहिला आहे. एकोणिसाव्या शतकात मुलांना मारणे ही नित्याची बाब असली, तरी निखारा त्याही काळात निखाराच होता.

नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरचे, बिजवर, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि कल्याणच्या टपाल कचेरीत नोकरीला. पत्नीला शिकवू देण्याची अट घालूनच त्यांनी हे लग्न केले, असे सांगितले जाते. यमुनेची आनंदी झाली आणि तिची पाटी-पुस्तके सुरू झाली. गोपाळरावांचे हे वेड नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. ज्या समाजात शिकलेली बायको म्हणजे वैधव्याला आमंत्रण मानले जाई, तिथे हा मनुष्य लोकांची थट्टा सोसून बायकोला इंग्रजी शिकवीत होता, तिच्यासह उघडपणे फिरायला जात होता. या चित्राची दुसरी बाजूही आनंदीबाईंच्याच पत्रांत आहे. अमेरिकेतून पतीला लिहिताना त्यांनी जुन्या दिवसांचा हिशेब मांडला : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर आलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या आणि चौदाव्या वर्षी वाट्याला आलेल्या आणखी वेगळ्या शिक्षा. तक्रारीचा सूर त्यात फारसा नाही. या वागणुकीने बालमनाचे काय होते, याचा विचार त्यात आहे. गोपाळराव सुधारकही होते आणि मारकुटेही होते. यांतली एक गोष्ट खरी मानून दुसरी वगळण्याचे कारण नाही.

अशा घरात, वाढ पुरी न झालेल्या शरीरात गर्भ राहिला. मुलगा झाला आणि दहा दिवसांनी गेला.

त्या काळी असे मृत्यू घरोघरी होत. सुईणीच्या हातची अस्वच्छ नाळ, त्यातून होणारा धनुर्वात, बाळाचा मुदतीआधीचा जन्म, ताप, अशी अनेक कारणे होती. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून सुरू होते. पण त्याचे दरवाजे स्त्रियांना १८८३ मध्ये उघडले आणि स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू व्हायला १८८६ साल उजाडले. पुरुष डॉक्टरसमोर बाळंतिणीने यायचे नाही आणि स्त्री डॉक्टर तर अस्तित्वातच नाही, अशी कोंडी होती. वेळेवर उपचार मिळाले असते तर बाळ वाचले असते, ही समजूत आनंदीबाईंच्या मनात पक्की बसली ती या कोंडीमुळेच. त्या एका बाळाच्या मृत्यूचे निदान आज करण्यात अर्थ नाही. त्या वयातल्या, त्या स्थितीतल्या आईच्या शरीरात काय चालू असते, ते मात्र आज सांगता येते.

भीती वाटली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एक संदेशद्रव्य सोडतो. त्याने पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि तिच्या हुकमावरून मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात ओततात. अ‍ॅड्रिनॅलिन त्याआधीच धावून आलेले असते. रक्तातली साखर वाढते, हृदय जोरात चालू लागते, शरीर पळायला किंवा झुंजायला सिद्ध होते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. संकट घरातच राहायला असेल, तर ही यंत्रणा पुन्हा पुन्हा चेतवली जाते. आनंदीबाई वैद्यक शिकल्या तेव्हा यातले काहीच माहीत नव्हते. हॉर्मोन हा शब्दच १९०५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, लंडनच्या स्टार्लिंग यांनी प्रथम वापरला. ताण या कल्पनेला वैद्यकात स्थान मिळाले ते हान्स सेल्ये यांच्या १९३६ पासूनच्या संशोधनाने.

प्रजननाची सूत्रेही त्याच हायपोथॅलॅमसच्या हाती असतात. बीजांडकोशांना चालना देणारे संदेश तिथून ठरावीक तालात, ठोक्याठोक्याने सुटतात. दीर्घकाळचा ताण, उपासमार किंवा अतिश्रम यांनी हा ताल मंदावतो; बीज वेळेवर सुटत नाही, पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. शरीराच्या दृष्टीने यात तर्क आहे, कारण नऊ महिन्यांची गुंतवणूक करण्याचे ते दिवस नसतात. याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आनंदीबाईंच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्रात घडत होता. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मेली, आणि पाठोपाठ जन्मांची संख्याही कोसळली. जी मुले जन्मलीच नाहीत, तीही त्या दुष्काळाचीच बळी म्हटली पाहिजेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी कोंडी केलेल्या पश्चिम हॉलंडमध्ये हेच घडले. उपासमार टिपेला पोहोचली त्यानंतर नऊ महिन्यांनी तिथली जन्मसंख्या जवळपास निम्म्यावर आली होती.

याचा अर्थ ताण असला की गर्भ राहत नाही, असा मात्र मुळीच नाही. सर्वांत त्रासलेल्या स्त्रियाही गरोदर राहतात. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी बहुतेकांत कारण वेगळेच असते आणि पुष्कळदा ते पुरुषाकडेही असते. सुनेला वांझ ठरवण्यासाठी पूर्वी नशीब पुढे केले जाई. त्याच्या जागी आता तिच्या मनाचा ताण आणून ठेवणे हा जुन्याच अन्यायाचा नवा अवतार ठरेल. आनंदीबाईंना पुढे मूल झाले नाही. त्यावरूनही कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

गर्भ राहिल्यावर चित्र बदलते. गरोदरपणात आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल आपोआपच वाढत जाते आणि अखेरच्या महिन्यांत ते नेहमीच्या दोन-तीन पट होते. हा आजार नव्हे. बाळाची फुप्फुसे श्वासासाठी तयार होण्याकरिता या संप्रेरकाची गरज असते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी मुदतीआधी प्रसूत होणाऱ्या मातांना याच जातीचे औषध टोचून असंख्य बाळांचे प्राण वाचवण्याची वाट दाखवली. आजही अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची चिन्हे दिसताच ते इंजेक्शन दिले जाते. प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा आहे. त्यासाठी निसर्गाने वारेत पहारेकरी बसवला आहे. वारेतले एक विकर आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलपैकी बहुतांश भाग निष्क्रिय करून टाकते. त्यामुळे आईचा रोजचा राग, लोकल चुकल्याची चिडचिड, सासू-सुनेची कुरबूर बाळापर्यंत तशीच पोहोचत नाही.

पहारा अभेद्य मात्र नसतो. आई दीर्घकाळ तीव्र चिंतेत असेल तर हे विकर क्षीण होते आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतला प्रवाहही अडखळतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे. शिवाय वार स्वतःही मेंदूसारखेच ते पहिले संदेशद्रव्य तयार करते. मेंदूत कॉर्टिसॉल वाढले की ते थांबते. वारेत उलट ते वाढत जाते आणि प्रसूतीची घटिका जवळ आणण्यात त्याचा हात असतो. सततची मारहाण, उपासमार, युद्ध, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगांतून गेलेल्या मातांची बाळे मुदतीआधी किंवा कमी वजनाची जन्मण्याचा संभव वाढतो, तो यांसारख्या वाटांनी. आई स्वतःच वाढीच्या वयात असेल तर आणखी एक भर पडते. एकाच अन्नावर दोन वाढत्या शरीरांचा हक्क येतो, आणि त्या ओढाताणीत बाळ पुष्कळदा हलके राहते. विशीच्या आतल्या मातांच्या बाळांना अपुऱ्या दिवसांचा आणि कमी वजनाचा धोका अधिक असतो, हे जगभरच्या नोंदींवरून सिद्ध झाले आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीची, मार खाऊन वाढलेली, बदलीच्या गावी माहेरापासून दूर पडणारी मुलगी या सर्व धोक्यांच्या छेदबिंदूवर उभी होती.

बाळ गेल्यावर गोपाळरावांच्या बदल्या चालूच राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि पुढे थेट बंगाल. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकी मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते दोन वर्षांनी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात वाचले. तिथून पत्रव्यवहार जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ज्या मुलीला आईची माया आठवत नव्हती, तिला ती सात समुद्रापलीकडून टपालाने मिळाली. पतीच्या खात्यानेच ती पोहोचवली, हा योगही लक्षात राहण्याजोगा.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी सभेपुढे भाषण केले. वय सतरा, पुढे बसलेले बहुतेक पुरुष. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, पुरुषापुढे आजार सांगायला संकोचणाऱ्या स्त्रिया कशा मरतात आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत कसे येणार, हे त्यांनी शांतपणे मांडले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. सोबतीला परिचयातल्या मिशनरी स्त्रिया होत्या, पती नव्हते. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटर मावशींच्या घरी गेल्या. काही महिन्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातल्या पहिल्या संस्थांपैकी एक होती. अधिष्ठात्या रेचेल बॉडले यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली.

फिलाडेल्फियाचे दिवस कष्टाचे होते. खोलीतली शेगडी धुरकट, थंडी हाडे गोठवणारी, आहार शाकाहारी आणि तोही स्वतः रांधलेला. नऊवारीत पाय उघडे पडत म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली आणि तेवढ्यासाठीही पतीला पत्रातून कारणे द्यावी लागली. मध्येच घटसर्प झाला. त्यातून त्या उठल्या, पण प्रकृती पूर्वीसारखी कधी झाली नाही. महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली होत्या. तिघींचे आपापल्या देशी वेशातले एकत्र छायाचित्र आज जगभर ओळखले जाते.

पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडताना आनंदीबाई सहज दुसरीकडे वळू शकल्या असत्या. त्यांनी आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. दहा दिवसांच्या बाळाची आई आठ हजार मैलांवर जाऊन बाळंतपणावर लिहिते, यात योगायोग नाही. प्राचीन ग्रंथांतली गर्भवतीची काळजी, प्रसूती आणि बाळंतिणीची देखभाल त्यांनी अमेरिकी परीक्षकांसमोर मांडली.

त्या प्राचीन परंपरेत गर्भवतीच्या मनाला मोठे स्थान आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीने पहिल्या दिवसापासून आनंदी राहावे, स्वच्छ व शुभ्र वस्त्रे नेसावीत, भीतीचे आणि शोकाचे प्रसंग टाळावेत, अतिश्रम करू नयेत, असे सांगितले आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते आणि तिच्या इच्छा अव्हेरल्यास गर्भाला इजा पोहोचते, असेही त्यात म्हटले आहे. त्या दोन हृदयांवरून दौहृद आणि त्यावरून आपला डोहाळे हा शब्द आला. आज शहरांत गर्भसंस्काराचे वर्ग जोरात चालतात. ठरावीक मंत्र ऐकवल्याने मूल बुद्धिमान निपजते, या त्यांच्या दाव्याला शास्त्राचा आधार नाही. गर्भवतीला भय आणि शोक यांपासून जपावे, हा सुश्रुताचा साधा आदेश मात्र कॉर्टिसॉलच्या कसोटीवरही टिकतो. फरक एवढाच की, तो आदेश एकट्या गर्भवतीला उद्देशून वाचला जातो, आणि भय उत्पन्न करणारी माणसे त्यातून सुटतात. डोहाळजेवणाच्या दिवशी फुलांनी सजवलेल्या सुनेवर वर्षभर हात उगारला जात असेल, तर त्या फुलांचा बाळाला काय उपयोग?

गर्भातल्या दिवसांचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे पुरावे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साचत गेले. हॉलंडच्या त्या उपासमारीत ज्यांच्या आया गरोदर होत्या, त्या मुलांचा पुढे अनेक दशके मागोवा घेतला गेला. गरोदरपणाच्या आरंभी उपासमार झालेल्यांत पन्नाशीनंतर हृदयविकार अधिक आढळला; अखेरच्या महिन्यांत झालेली बाळे जन्मतःच लहान होती. १९९८ च्या जानेवारीत कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हिमवादळाने लक्षावधी घरांची वीज कित्येक दिवस गेली. तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा अभ्यास झाला, आणि ज्यांना अधिक झळ बसली त्यांच्या मुलांच्या भाषेत व बौद्धिक वाढीत काहीशी घट दिसली. इंग्लंडचे डेव्हिड बार्कर यांनी कमी वजनाचा जन्म आणि उतारवयातले हृदयविकार यांचा संबंध दाखवून दिला होताच.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात लिहिला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण ही हडकुळी दिसणारी बाळे चरबीच्या बाबतीत तितकी मागे नव्हती. स्नायू कमी आणि मेद तुलनेने जास्त, असे हे शरीर पुढे मधुमेहाला लवकर बळी पडते. हा अभ्यास मुख्यतः मातांच्या आहाराचा होता, ताणाचा नव्हता. आणि गरिबीत हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. शेतात राबणारी, पाणी वाहणारी गर्भवती एकाच वेळी दोन्ही सोसत असते. आणखी एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मुलीचा गर्भ पाच महिन्यांचा होईतो तिच्या आयुष्यभराची सर्व बीजे तिच्या अंडाशयात तयार झालेली असतात. गरोदर स्त्रीच्या शरीरात मुलगी वाढत असेल, तर तिच्या नातवंडांचा अर्धा आरंभही तिथेच झालेला असतो.

आनंदीबाईंच्या ठाणे जिल्ह्यात आज बालविवाह कायद्याने बंद आहे आणि मुलीचे लग्नाचे वय १८ आहे. ग्रामपंचायतींच्या गावांतून १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महापालिका झालेल्या मीरा-भाईंदरमध्ये उंच इमारती आहेत, प्रसूतिगृहे आहेत, सोनोग्राफी आहे. इथली गर्भवती नोकरदार स्त्री वेगळ्या ताणात जगते : सकाळची चर्चगेट लोकल, घराचा हप्ता, रजेची काळजी. २०१७ पासून प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती संघटित क्षेत्रात. घरकाम करणारी किंवा लहान कारखान्यात सुटे भाग जोडणारी स्त्री सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत उभीच असते. रक्तदाब, साखर, वजन तपासणीच्या कार्डावर लिहिले जाते. घरी मार बसतो का, झोप लागते का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ज्या प्रश्नांची उत्तरे आनंदीबाईंना स्वतःच्या नवऱ्याला पत्राने लिहायला महासागर ओलांडावा लागला, ते प्रश्न हेच होते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षी अमेरिकेत येऊन पोहोचले होते, आणि समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली. तोवर क्षयाने शरीर पोखरले होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध यायला मात्र १९४३ पर्यंत थांबावे लागले. ऑक्टोबरमध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. ज्या समाजाने जाताना नावे ठेवली होती, त्यानेच आता स्वागत केले. बिछान्यावर पडलेल्या डॉक्टरणीला पाहायला लोक येऊ लागले. पुण्यात उपचार झाले, पण गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिन्याहून थोडा अधिक अवधी होता. डॉक्टर म्हणून एकाही बाळंतिणीची सुटका करण्याची संधी त्यांना मायदेशात मिळाली नाही.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. मुलीच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा चार वर्षांनी, १८९१ मध्ये, झाला, तोही प्रचंड विरोधाला तोंड देऊन. आनंदीबाईंच्या वाट्याला आलेल्या मातृत्वाला तो कायदाही अडवू शकला नसता. कोल्हापूरच्या ज्या रुग्णालयाची सूत्रे त्यांच्या हाती यायची होती, तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाबाई केळवकर या मराठी डॉक्टर रुजू झाल्या.